बिल्ला एक, गाड्या दोन: सेकंड-हँड एसयूव्हीतली माइल्ड आणि स्ट्राँग हायब्रिड

जाहिरातीत 'हायब्रिड' एवढंच लिहिलेलं असतं आणि गाडीच्या मागच्या दारावरही तोच बिल्ला असतो. त्या एका शब्दाखाली मात्र दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिड ही मुळात साधी पेट्रोल गाडी, फक्त तिचा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) अंगापिंडाने थोडा मोठा. स्ट्राँग हायब्रिडमध्ये चाकं फिरवण्याचं काम इंजिन आणि मोटर खरोखर वाटून घेतात. नवी गाडी घेताना हा घोळ माहितीपत्रक बघून सुटतो. जुनी घेताना तसं होत नाही, कारण आपण नेमकं काय विकतोय हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आली ती या दोन्ही रूपांत. बाहेरून जवळजवळ जुळ्या बहिणी. पण माइल्डमध्ये १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, तर स्ट्राँगमध्ये १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं. कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज माइल्ड मॅन्युअलचं लिटरला २१.११ किलोमीटर आणि स्ट्राँगचं २७.९७. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, हे वेगळं सांगायला नको.

आत काय असतं

माइल्डमध्ये अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि त्याच्या जोडीला १२ किंवा ४८ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद करणं, ते धक्का न बसता पुन्हा सुरू करणं, उचल घेताना थोडा हात देणं आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवणं, एवढीच त्याची कामं. बेल्टवरची ही मोटर एकटीने गाडी हलवू शकत नाही. (अलीकडच्या काही ४८ व्होल्टच्या गाड्यांत मोटर गिअरबॉक्समध्येच बसवतात आणि ती पार्किंगमध्ये गाडी सरकवू शकते. तपासणीपुरतं त्यांनाही माइल्डच धरा.)

स्ट्राँगमध्ये बॅटरी साधारण पाऊण ते दोन किलोवॅट-तासांची, पण व्होल्टेज दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. टोयोटाच्या पद्धतीत दोन मोटर-जनरेटर आणि इंजिन एका प्लॅनेटरी गिअरने (मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं फिरणाऱ्या गिअरसंचाने) जोडलेले असतात. त्यामुळे या गाडीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. जुन्या गाडीत हमखास खर्चात पाडणारे तीन भाग इथे मुळातच नाहीत, आणि स्ट्राँगला नुसत्या बॅटरीच्या भीतीने नाकारणारे लोक हे हिशेबात धरत नाहीत. ह्युंदाई आणि किया मात्र बऱ्याच गाड्यांत मोटरच्या मागे सहा गिअरचा ऑटोमॅटिक ठेवतात, तेव्हा तिथे गिअरबॉक्सचं तेल आणि गिअर बदलतानाचे झटके तपासावे लागतात.

पाच मिनिटांत ओळख

मॅन्युअल गिअर दिसला तर एसयूव्हीत ती माइल्डच समजा. ऑटोमॅटिक असेल तर बोनेट उघडून जाड नारिंगी केबल शोधा. ६० व्होल्ट डीसीच्या वरची केबल नारिंगी ठेवायची रीत आहे, आणि माइल्डचे ४८ व्होल्ट त्या रेषेखाली राहतात. नारिंगी दिसली की गाडी स्ट्राँग किंवा प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड). केबलला हात मात्र लावू नका.

सगळ्यांत बोलकी परीक्षा एसीची. एसी पूर्ण थंडवर ठेवून गाडी चालवा, मग थांबा आणि इंजिन बंद होऊ द्या. बेल्टवर कॉम्प्रेसर चालणाऱ्या माइल्डमध्ये इंजिनाबरोबर कॉम्प्रेसरही थांबतो. थोड्या वेळात हवा कोमट होते, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होतं. स्ट्राँगचा कॉम्प्रेसर हाय-व्होल्टेज बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही हवा गारच येते. मागच्या सीटवर लहान मूल आणि बाहेर रणरणतं ऊन असताना हा फरक अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठा वाटतो.

कागदपत्रातल्या इंधनाच्या रकान्यावर विसंबू नका, तिथे दोन्हींपुढे नुसतं 'हायब्रिड' असू शकतं. इंजिनाचे सीसी वाचा, किंवा चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून नेमकं व्हेरियंट विचारून घ्या.

माइल्डमध्ये काय बिघडतं

फार काही नाही. बेल्टला दोन्ही दिशांनी ओढ बसते: कधी इंजिन जनरेटरला फिरवतं, कधी जनरेटर इंजिनला. त्यामुळे बेल्ट आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर साध्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. इंजिन पुन्हा सुरू होताना किंचाळी किंवा खडखड आली तर आधी तिकडे बघा.

सिग्नलला इंजिन बंदच होत नसेल तर लगेच घाबरू नका. इंजिन थंड असणं, एसीची मागणी जास्त असणं, सीटबेल्ट न लावलेला असणं, अशा साध्या कारणांनीही ते चालू राहतं. गाडी चांगली तापल्यावरही होत नसेल तर बहुधा १२ व्होल्टची मुख्य बॅटरी थकलेली असते, किंवा मालकाने एजीएम वा ईएफबी या, इंजिन वारंवार बंद-चालू होणाऱ्या गाड्यांसाठीच्या प्रकारांऐवजी साधी स्वस्त बॅटरी टाकलेली असते. बाकी सगळी तपासणी कुठल्याही पेट्रोल गाडीची असते तशीच: क्लच, गिअरबॉक्स, गळती, सस्पेन्शन.

स्ट्राँगमध्ये कुठे बघायचं

हिला खरा वेळ द्यावा लागतो. सुरुवात थंड इंजिनाने करा आणि आपण पोचण्याआधी गाडी सुरू करू नका, असं विकणाऱ्याला सांगून ठेवा. ब्रेक दाबून बटण दाबलं की 'रेडी' दिवा लागला पाहिजे. तो लागला नाही तर बहुतेक वेळा दोष मोठ्या बॅटरीचा नसून छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. संगणक जागे करणं आणि हाय-व्होल्टेजचे रिले जोडणं हे तिचं काम, आणि आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत ती उतरते. तिचा खर्च मर्यादित आहे. पण गाडी बराच काळ उभी होती हे तेवढ्यात कळतं, आणि उभं राहणं मोठ्या बॅटरीलाही मानवत नाही.

मोठी बॅटरी साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच ठेवली जाते. पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामी होणं दोन्ही टाळल्यामुळे ती टिकते. बॅटरी थकली की पडद्यावरची पातळी अस्थिर होते: एका चढाला झरकन तळाशी, एका उताराला झरकन भरलेली. निरोगी बॅटरीचा काटा सावकाश हलतो. त्यामुळे चाचणी सपाट रस्त्यावर न घेता चढ-उतार असलेल्या रस्त्यावर घ्या.

मग गाडीच्या संगणकातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. हायब्रिड वाचू शकणारा हवा, साधा कोड रीडर पुरत नाही. टोयोटाच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये (म्हणजे मोठ्या बॅटरीत) पेशी ब्लॉकमध्ये बांधलेल्या असतात आणि प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज दिसतं. जोरात उचल घेताना जोडीच्या ब्लॉकमध्ये सुमारे ०.३ व्होल्टचा फरक पडू लागला तर पॅक उतरणीला लागलाय. लिथियम पॅकमध्ये मोजणी पेशीगणिक होते आणि फरक याहून फार लहान असायला हवा. पी०ए८० हा कोड पॅक बदलायला सांगतो. कोड नुकतेच पुसलेले दिसले, म्हणजे गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या चाचण्या अपुऱ्या असल्याची नोंद आली, तर त्या दिवशी निर्णय घेऊ नका.

अनेक गाड्यांत हा पॅक मागच्या सीटखाली असतो आणि त्याला थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा ओढतो. सीटच्या कडेला जाळी असते. कुटुंबाच्या गाडीत तीच नेमकी बिस्किटाचा चुरा, पाळीव प्राण्याचे केस आणि भिरकावलेलं जॅकेट यांनी बुजते. हवा अडली की पॅक तापतो, तापला की लवकर म्हातारा होतो. जाळी काढून फिल्टर बघा. तो धुळीने भरलेला असेल तर आतल्या पॅकची स्थिती आकड्यांवरूनच ठरवा, विकणाऱ्याच्या शब्दावरून नाही. मागून पंख्याचा सतत मोठा आवाज हीदेखील तीच तक्रार.

बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरला बहुतेक गाड्यांत स्वतःचं वेगळं कूलंट आणि विजेवर चालणारा पंप असतो. गाडी 'रेडी' असताना त्याच्या छोट्या टाकीत पाणी हलताना दिसलं पाहिजे. ते निश्चल असेल तर पंप गेलाय. या बिघाडाचा कोड पी०ए९३.

एसीची दुरुस्ती कुठे झाली हे जरूर विचारा. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला पीओई प्रकारचं तेल लागतं. बाहेरच्या मेकॅनिकने नेहमीचं पीएजी तेल भरलं तर तारांमधलं विद्युतरोधन कमी होतं आणि पी०एए६ हा कोड उमटून गाडी सुरूच होईनाशी होते. गॅस भरण्याच्या साध्या कामातून अख्खा कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते.

ब्रेकचं दुखणं उलटं आहे. बराचसा वेग मोटरच कमी करते, त्यामुळे ब्रेकपॅड झिजत नाहीत, पण डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. चारही डिस्क डोळ्यांनी बघा. जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्या उचलूनच तपासा. २०१९ नंतरच्या पिढीतल्या टोयोटा रॅव्ह४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या हाय-व्होल्टेज केबलचं टोक गंजल्याचं प्रकरण गाजलं होतं.

सीटच्या रुळांवर गंज किंवा गालिच्याखाली गाळ दिसला, तर स्ट्राँग हायब्रिड तिथेच सोडा. पुरात बसलेली माइल्ड निदान सुकवून बघता येते. हिच्या पॅकमध्ये पाणी गेलं की हिशेब संपला.

कुटुंबाच्या बाजूने

डिकी मोजून घ्या. ग्रँड व्हिटारात माइल्डला ३७३ लिटर, स्ट्राँगला २६५, कारण बॅटरीने जागा खाल्ली. बाबागाडी आणि दोन बॅगा प्रत्यक्ष ठेवून बघितल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. ज्यांची बॅटरी सीटखाली मावते त्यांत हा तोटा जवळजवळ नसतो.

इंधनाची बचत कुठे होते हे रॅव्ह४ च्या २०१९ च्या अमेरिकी सरकारी आकड्यांत स्वच्छ दिसतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह साधी पेट्रोल शहरात लिटरला सुमारे १०.६ किलोमीटर, हायब्रिड १७.४. हायवेवर १४ विरुद्ध १६.२. रोजचं चालवणं शाळा, बाजार, ऑफिस आणि कोंडी असं असेल तर स्ट्राँगच, आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं पटतं. मुख्यतः हायवे असेल किंवा गाडी आठवड्यातून एकदाच निघणार असेल, तर माइल्ड घ्या. पण भाव मात्र तशाच साध्या पेट्रोल गाडीचा धरा, बिल्ल्याचे वेगळे पैसे देऊ नका.

स्ट्राँग घेतलीत आणि ती उभी राहणार असेल, तर दर दोन आठवड्यांनी अर्धा तास 'रेडी'त ठेवा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी बाकीच्या गाडीपेक्षा वेगळी आणि लांब असते. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, आणि वार्षिक बॅटरी तपासणी चुकल्यामुळे रद्द झाली आहे का, हे पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.