ओनोमाझो

ओनोमाझो : ‘नाव देणे’, ‘नाव घेणे’ या अर्थांचे प्राचीन ग्रीक क्रियापद. ‘ओनोमा’ (नाव) या शब्दापासून ते बनले. ओनोमा, लॅटिन ‘नोमेन’ आणि संस्कृत ‘नामन्’ सगोत्र असल्याने मराठी ‘नाव’ही याच गोतावळ्यातले. डोरिक या प्राचीन ग्रीक बोलीत या क्रियापदाचे रूप ‘ओनुमाझो’ असे होते.

प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या काव्यांत बहुतेकदा नवे नाव ठेवण्यापेक्षा असलेले नाव उच्चारण्याला महत्त्व आहे. इलियडच्या १० व्या सर्गात ग्रीक सैन्याचा सेनापती आगामेम्नॉन भावाला बजावतो, की योद्ध्यांना उठवताना प्रत्येकाला बापाच्या नावाने, कुळासकट हाक मार. त्यात त्यांचा मान आहे. १८ व्या सर्गात रुसलेला योद्धा आकिलीस याची मनधरणी करणारे वडीलधारे भेटवस्तूंची ‘नावे घेतात’, म्हणजे त्या देऊ करतात; आपण नवस ‘बोलतो’, तसेच काहीसे. ‘शब्द बोलली आणि नावाने हाक मारली’ ही होमरची ठरावीक ओळ मात्र चकवते. आकिलीसची आई थेटिस त्याला कुरवाळते, ही ओळ येते आणि पुढे ती म्हणते, “लेकरा, का रडतोस?” नाव कुठेच नाही! अभ्यासकांनी यावर बराच खल केला आहे. इथे ‘संबोधले’ एवढाच अर्थ घेणे बरे.

नाव न घेण्यातही हे क्रियापद दिसते. ओडिसीच्या १४ व्या सर्गात डुकरे राखणारा युमेअस म्हणतो, की धनी इथे नसतानाही त्याचे नाव घ्यायला मला संकोच वाटतो. गंमत म्हणजे आधीच्याच ओळीत ‘ओडिसियस’ हे नाव त्याच्या तोंडून निघून गेलेले असते. मराठी वाचकाला या संकोचाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ओडिसियसची बायको पेनेलोपी ट्रॉय नगरीला ‘नाव घेऊ नये असे दुष्ट इलिऑन’ म्हणते. तिथला ‘ओनोमास्तोस’ (नाव घेण्याजोगा) हा शब्द पुढे ‘नामांकित’ या अर्थाने रूढ झाला.

प्लेटोच्या ‘क्रातिलस’ या संवादात सॉक्रेटिस ‘नाव देणे’ ही कृती ठरवतो आणि नाव हे तिचे हत्यार, विणकराच्या धोट्यासारखे. ‘सोफिस्ट’मध्ये प्लेटो आणखी रेघ ओढतो : नुसते ‘माणूस’ म्हटले तर ते ‘ओनोमाझेइन’, म्हणजे नुसते नाव घेणे; ‘माणूस शिकतो’ म्हटले तरच ते ‘लेगेइन’, म्हणजे काही सांगणे.

हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरात, लेवीय २४:१६ मध्ये, परमेश्वराचे नाव ‘घेणाऱ्याला’ मृत्युदंड सांगितला आहे. लूक ६:१३ मध्ये येशू बारा शिष्यांना ‘प्रेषित’ हे नाव देतो, तेही याच क्रियापदाने.

ग्रीक व्याकरणात प्रथमा विभक्तीला ‘ओनोमास्तिके’ म्हणतात. इसवी सनाच्या २ ऱ्या शतकात पोलक्स या ग्रीक पंडिताने रचलेला १० भागांचा ‘ओनोमास्तिकॉन’ हा कोश अमरकोशाप्रमाणे विषयवार आहे.

‘बोलावणे’ या अर्थासाठी ग्रीकमध्ये ‘कालेओ’ हे वेगळे क्रियापद आहे. नाव देण्यासाठी मात्र दोन्ही चालतात. आधुनिक ग्रीकमध्ये औपचारिक ओळख करून देताना ‘ओनोमाझोमे’ म्हणतात, एरवी ‘मे लेने’, म्हणजे ‘मला म्हणतात’.