मांजराच्या पेटीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत: साधक अभिसंधान आलं कुठून

डीएड, बीएड किंवा टीईटीचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, थॉर्नडाईक म्हणजे मांजर, पॅव्हलॉव्ह म्हणजे कुत्रा, स्किनर म्हणजे उंदीर आणि कबूतर, कोहलर म्हणजे चिंपांझी. जोड्या लावल्या, मार्क मिळाले, विषय संपला. मी पण असंच पाठ केलेलं आणि बरीच वर्षं मला वाटायचं की साधक अभिसंधान (इंग्रजीत ऑपरंट कंडिशनिंग, म्हणजे परिणामांमधून वागणं शिकणं) म्हणजे काय तर चांगलं केलं की बक्षीस द्या, वाईट केलं की शिक्षा करा, यात शोध तो काय लावला, हे तर माझ्या आजीला पण माहीत होतं. नंतर मूळ प्रयोगांबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की बक्षीस दिलं की वागणं वाढतं हे माणसाला खरंच कायमच माहीत होतं, नंदीबैलवाले पिढ्यानपिढ्या बैलाला मान हलवायला शिकवतच आलेत. शास्त्रज्ञांना सापडत नव्हतं ते वेगळंच होतं: जे वागणं अजून एकदाही घडलेलं नाही त्याला बक्षीस द्यायचं कसं? मांजराच्या पहिल्या प्रयोगांपासून या प्रश्नाचं उत्तर हाती लागेपर्यंत पंचेचाळीस वर्षं गेली.

सुरुवात इंग्लंडमधून करायला लागते. डार्विननंतर प्राण्यांना बुद्धी किती असते हा मोठा विषय झाला होता आणि पुरावे म्हणून लोक किस्से सांगायचे, अमक्याच्या मांजराने दाराची कडी उघडली, तमक्याच्या कुत्र्याने असं केलं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या लॉईड मॉर्गनला हे पटायचं नाही. त्याच्याकडे टोनी नावाचा फॉक्स टेरियर होता, तो फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर पडायचा, बघणाऱ्याला वाटावं काय हुशार कुत्रा आहे. पण मॉर्गनने तो हे शिकताना बघितला होता. टोनी आधी गजांमधून नुसता इकडेतिकडे डोकं घालायचा, एकदा चुकून कडीखाली डोकं गेलं, कडी उचलली गेली, फाटक उघडलं. मग बऱ्याच वेळा असं झाल्यावर तो थेट कडीपाशी जायला लागला. म्हणजे शेवट तेवढा बघितला तर हुशारी दिसते, आणि सुरुवातीपासून बघितलं तर वेगळंच काहीतरी दिसतं.

मॉर्गनने १८९६ मध्ये बोस्टनला व्याख्यानं दिली आणि त्याच सुमारास तिथे जवळच हार्वर्डला एडवर्ड थॉर्नडाईक नावाचा विशीतला मुलगा शिकत होता. याने कोंबडीची पिल्लं आणली, पुस्तकं उभी करून त्यांचे भूलभुलैये बनवले आणि पिल्लं वाट कशी शोधतात ते बघत बसला. घरमालकिणीने पिल्लं ठेवू दिली नाहीत तेव्हा त्याचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी स्वतःच्या घराचं तळघर दिलं. हे वाचून मला जेम्स यांच्याबद्दल फार आदर वाटला, विद्यार्थ्याच्या कोंबड्यांना घरात जागा देणारे प्राध्यापक किती असतील.

मग तो कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तिथे इमारतीच्या माळ्यावर त्याने ते प्रसिद्ध पेटारे बनवले. कसले साहित्य नव्हते, लाकडी खोके आणि पट्ट्या ठोकून केलेले पिंजरे. आत भुकेलं मांजर, बाहेर माशाचा तुकडा. आत कुठेतरी दोरीचा फास असायचा किंवा पायाने दाबायची फळी, ती ओढली किंवा दाबली की दार उघडायचं. मांजर आधी गजांना चावायचं, फटीतून पंजे काढायचं, ओरबाडायचं, सगळीकडे धडपडायचं आणि त्या धडपडीत कधीतरी पंजा फासात अडकून दार उघडायचं. थॉर्नडाईक घड्याळ घेऊन बसलेला. सोप्या पेटीतल्या एका मांजराचे त्याने नोंदवलेले आकडे असे: १६० सेकंद, मग ३०, मग ९०, ६०, १५, २८, २०, ३०... आणि शेवटी सहा-सात सेकंदांवर आलं. हे आकडे नीट बघा कारण सगळी गंमत त्यातच आहे. १६० वरून ३० वर आलं आणि पुन्हा ९०! मांजराला जर "कळलं" असतं तर परत नव्वद सेकंद लागले नसते. वेळ कमी होतो पण वरखाली होत, खडबडीत, हळूहळू. म्हणजे युक्ती डोक्यात लख्खकन पेटत नाही, उपयोगाची हालचाल थोडी थोडी पक्की होत जाते आणि बाकीच्या गळून पडतात. यालाच आपण प्रयत्न-प्रमाद म्हणून पाठ करतो.

त्याने अजून दोन गोष्टी करून बघितल्या ज्या आपल्या गाईडमध्ये नसतात. एक म्हणजे मांजराचा पंजा हातात धरून त्याच्याकडून फास ओढवून घेतला, दुसरं म्हणजे शिकलेलं मांजर दुसऱ्या मांजराला बघू दिलं. दोन्हीचा त्याला काही उपयोग दिसला नाही. जे केलं ते मांजराने स्वतः केलं आणि त्याचं फळ त्याला लगेच मिळालं तरच ते टिकलं. (बघून शिकण्याबद्दल नंतरच्या संशोधनाने बरीच वेगळी माहिती दिली, पण तो मोठा विषय आहे.) आणि एक फारच बारीक गोष्ट, काही मांजरांना त्याने अंग चाटलं किंवा खाजवलं की सोडायचं ठरवलं. मांजरं शिकली, पण ते चाटणं दिवसेंदिवस नावापुरतं होत गेलं, जीभ नुसती लावल्यासारखी करायची. ही नोंद पुढे साठ वर्षांनी कामाला येणार होती.

१८९८ मध्ये हा प्रबंध आला तेव्हा थॉर्नडाईक तेवीस वर्षांचा होता. १९११ मध्ये त्याने परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पक्की होते, ज्या कृतीनंतर त्रास होतो ती सैल पडते. परीक्षेत आपण एवढंच लिहितो. पण १९३० च्या सुमारास त्याने माणसांवर प्रयोग केले, उत्तर दिलं की "बरोबर" किंवा "चूक" सांगायचं, आणि निघालं असं की "बरोबर" म्हटल्याने उत्तर पक्कं होतं पण "चूक" म्हटल्याने ते तेवढं काही पुसलं जात नाही. तेव्हा त्याने नियमाचा दुसरा अर्धा भाग स्वतःच मागे घेतला. आपल्याकडे छडी लागे छमछम, विद्या येई घमघम म्हणणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या, मुलांना शारीरिक शिक्षा करायची नाही हे शिक्षण हक्क कायद्यात २००९ साली लिहिलं गेलं, आणि ज्या माणसाच्या नावाने आपण बक्षीस-शिक्षा शिकवतो त्याने शिक्षेवरचा विश्वास केव्हाच कमी केला होता. हे मला कुणी वर्गात सांगितलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

मधल्या काळात पॅव्हलॉव्हचं नाव इतकं मोठं झालं की सगळं शिकणं म्हणजे घंटा आणि लाळ (घंटेनंतर खाणं मिळत गेलं की कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते) असंच वाटायला लागलं. वॉर्सामध्ये कोनोर्स्की आणि मिलर या दोन तरुणांनी १९२८ मध्ये लिहिलं की हे वेगळं, दुसऱ्या प्रकारचं अभिसंधान आहे, यात प्राणी स्वतः काहीतरी करतो. त्यांना उत्तर देताना १९३७ मध्ये स्किनरने "ऑपरंट" हा शब्द वापरला, म्हणजे परिस्थितीवर काहीतरी परिणाम घडवणारं वागणं, त्याचंच आपण "साधक" केलं.

स्किनर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावातला, इंग्रजी साहित्य शिकलेला, लेखक व्हायचं होतं ते जमलं नाही आणि १९२८ मध्ये हार्वर्डला मानसशास्त्राला आला. हाताने यंत्रं बनवायची भारी आवड. थॉर्नडाईकला प्रत्येक वेळी मांजर पकडून परत पेटीत घालायला लागायचं, स्किनरने पेटी अशी केली की उंदीर आतच राहील, दांडी दाबेल, दाणा पडेल, खाईल, परत दाबेल, आणि प्रत्येक दाबण्याची नोंद कागदावर आपोआप चढत जाईल. आता "किती वेळ लागला" याच्या ऐवजी "किती वेळा केलं" हे मोजता यायला लागलं. त्याचे बरेचसे शोध अडचणीतून निघाले हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. एकदा दाणे टाकणारं यंत्र अडकलं, उंदीर दाबतोय पण काहीच पडत नाही, आणि कागदावर आधी जोरात दाबणं आणि मग हळूहळू कमी होत जाणं अशी रेघ उमटली, ही त्याची पहिली विलोपनाची, म्हणजे बक्षीस थांबल्यावर वागणं विरत जाण्याची रेघ. दुसऱ्यांदा शनिवारी दुपारी लक्षात आलं की दाणे संपत आलेत. दाणे तो स्वतःच गोळ्यांच्या यंत्रावर बनवायचा, दिवसाला आठशेच्या आसपास लागायचे, सगळी संध्याकाळ त्यातच जाणार. त्याने ठरवलं की प्रत्येक दाबण्याला दाणा द्यायचाच नाही, मिनिटाला एकच द्यायचा. उंदीर थांबला नाही. उलट असं अधूनमधून मिळालेलं जास्त चिवट निघालं, बक्षीस पूर्ण बंद केल्यावरही कितीतरी वेळ चालू राहायचं. याच धाग्यावर त्याने आणि त्याचा सहकारी फर्स्टरने १९५७ मध्ये जे मोठं काम छापलं त्यात ७०,००० तास आणि सुमारे २५ कोटी प्रतिसादांची नोंद होती. किती वेळा केल्यावर मिळेल हे नक्की नसेल तर वागणं सगळ्यात जोरात आणि सगळ्यात जास्त टिकतं, जुगाराच्या मशीनपुढून माणूस का उठत नाही याचं उत्तर त्यात आहे, आणि एरवी कधीच न देणारे आईबाप मुलाच्या दहाव्या हट्टाला एकदा मोबाईल देतात तेव्हा काय पक्कं होतं त्याचंही.

आता तो १९४३ चा दिवस. महायुद्ध चालू होतं, स्किनर मिनेसोटात होता आणि त्याच्या डोक्यात होतं की बॉम्बच्या नाकात कबुतरं बसवायची, ती पडद्यावरच्या निशाणावर चोच मारतील आणि बॉम्ब त्या दिशेने वळेल. (युद्धात ते कधीच वापरलं नाही, १९४४ मध्ये बंद केलं, आणि कबुतरांसाठी मला बरंच वाटलं.) प्रयोगशाळा होती मिनियापोलिसमध्ये जनरल मिल्स कंपनीच्या पिठाच्या गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. वरून परवानगी यायची वाट बघत स्किनर, केलर ब्रेलँड आणि नॉर्मन गटमन बसलेले, हातात रिकामा वेळ. त्यांनी ठरवलं कबुतराला चेंडू मारायला शिकवायचं, लाकडी चेंडूला चोचीने आडवा फटका. दाणे टाकणारं बटण हातात धरून ते पहिल्या फटक्याची वाट बघत बसले. काहीच झालं नाही. कबूतर फटका मारेचना. इथपर्यंत ते थॉर्नडाईकसारखेच बसले होते, घडेल तेव्हा देऊ म्हणून.

मग कंटाळून त्यांनी ठरवलं की फटक्याच्या जरासं जवळ जाणारं काहीही केलं तरी द्यायचं. कबुतराने चेंडूकडे नुसतं बघितलं, दिला दाणा. मग त्या दिशेला मान गेली, दाणा. चोच जवळ गेली, दाणा. प्रत्येक पायरी पक्की झाली की तिला देणं थांबवून पुढचीची वाट बघायची. थोड्याच मिनिटांत चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटायला लागला, कबूतर स्क्वॉश खेळत असल्यासारखं. स्किनरने पुढे लिहिलंय की तो दिवस त्याच्यासाठी मोठ्या उजेडाचा होता. याआधी त्याने दांडी उंच-खाली करून, यंत्र बदलून उंदरांना टप्प्याटप्प्याने शिकवलं होतं, पण हातात बटण घेऊन, समोरच्या जिवाकडे डोळे लावून, क्षणाक्षणाला ठरवत वागणं घडवणं हे त्या गिरणीत पहिल्यांदा कळलं. यालाच शेपिंग म्हणतात. जे वागणं घडलेलंच नाही त्याला बक्षीस देता येत नाही, पण त्याच्या सगळ्यात जवळचं जे आज घडतंय त्याला देता येतं.

मला हे आमच्या मोतीमुळे समजलं. रस्त्यावरून आणलेला कुत्रा, लिफ्टला इतका घाबरायचा की दार उघडल्याचा आवाज आला तरी जमिनीला चिकटायचा. ओढून नेलं, उचलून नेलं, दुसऱ्या दिवशी भीती जास्तच. मग उकडलेल्या अंड्याचे नखाएवढे तुकडे घेऊन बसले. लिफ्टकडे कान वळले, तुकडा. एक पाऊल, तुकडा. पहिले तीन दिवस आम्ही लिफ्टपासून चार हातांवरच होतो. अकराव्या दिवशी तो स्वतःहून आत गेला आणि वळून माझ्याकडे बघत बसला, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं.

केलर ब्रेलँड आणि त्याची बायको मॅरियन, दोघंही स्किनरचे विद्यार्थी, त्यांनी पीएचडी सोडून याचाच धंदा केला, पियानो वाजवणाऱ्या कोंबड्या वगैरे, हजारो प्राणी शिकवले. आणि १९६१ मध्ये त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलं की हे सगळीकडे चालत नाही. रकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, एक नाणं जमलं, दोन दिली तर तो ती एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवून परत काढायचा, जसं तो खाणं धुतो-चोळतो तसं. डुकरं लाकडी नाणं नेता नेता मधेच टाकून नाकाने उकरायला लागायची. बक्षीस लांबत होतं तरी करायची. प्राणी म्हणजे कोरी पाटी नाही, त्याच्या जातीचं उपजत वागणं मधे येतं. थॉर्नडाईकच्या मांजराचं नावापुरतं चाटणं आठवतं ना, खूण तेव्हाच दिसली होती.

माणसांकडे हे आलं तेव्हा चांगलं आणि वाईट दोन्ही झालं. १९६४ मध्ये अमेरिकेत मॉन्ट्रोझ वुल्फ आणि सहकाऱ्यांनी एका साडेतीन वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाबद्दल लिहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा लावला नाही तर नजर जाणार, आणि तो चष्मा डोळ्यावर ठेवूच द्यायचा नाही. यांनी खोलीत नुसत्या रिकाम्या फ्रेम ठेवल्या. हात लावला तर खाऊ, उचलली तर खाऊ, डोळ्यांच्या जवळ नेली तर खाऊ. पुढे तो दिवसाला बारा-एक तास चष्मा लावायला लागला. पण त्याच दशकात त्याच शास्त्राच्या नावाखाली अशाच मुलांना विजेचे झटके पण दिले गेले, आणि आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक म्हणतात की आम्हाला समजून न घेता फक्त "नॉर्मल" दिसायला लावलं. त्यांचं म्हणणं मला खरं वाटतं. काय घडवायचं हे कोण ठरवतंय, याचं उत्तर पेटीत मिळत नाही.

एक गोष्ट टीईटीवाल्यांसाठी, कारण दर वर्षी यात मार्क जातात: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नाही (प्रबलन म्हणजे वागणं वाढवणारा परिणाम; धन म्हणजे काही मिळून, ऋण म्हणजे काही जाऊन). सीटबेल्ट लावला की गाडीतला तो कर्कश आवाज बंद होतो म्हणून आपण बेल्ट लावतो, हे ऋण प्रबलन, त्रास गेल्यामुळे वागणं वाढलं. प्रबलन धन असो की ऋण, वागणं वाढतंच.

आणि गिरणीतलं ते तंत्र आज कुठे पोचलंय तर टांझानियातल्या मोरोगोरोला. तिथे अपोपो ही संस्था आफ्रिकेतल्या मोठ्या उंदरांना जमिनीतल्या सुरुंगांचा वास शिकवते. आधी क्लिकरचा टक आवाज म्हणजे केळं एवढंच. मग स्फोटकाच्या वासापाशी नाक गेलं की टक. मग नाक तिथे जरा जास्त थांबलं तर टक, असं करत तीन सेकंदांपर्यंत नेतात. उंदराच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या त्यातल्याच एका उंदराने कंबोडियात ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेले स्फोटक शोधून काढले, २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या पीडीएसए संस्थेचं शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, २०२१ मध्ये तो रिटायर झाला आणि २०२२ च्या जानेवारीत गेला. ज्या जमिनीवरून तो गेला तिथे आता लोक पाय टाकतात.