लग्न कधी झालं होतं?

1837 सालचा नोव्हेंबर. पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीच्या न्यायालयापुढे एक्याऐंशी वर्षांची एक बाई शपथेवर जबानी देत होती. नाव सारा बेंजामिन, आधीची सारा ऑस्बोर्न. छप्पन्न वर्षांपूर्वीचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला यॉर्कटाउनचा वेढा ती सांगत होती आणि लिहून घेणारा तिचं बोलणं 'सदर जबानीदार म्हणते की' अशा कोर्टी थाटात उतरवत होता. बाईंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सरकारला मात्र त्यातलं मुख्यतः एकच हवं होतं: आरन ऑस्बोर्न या शिपायाशी तिचं लग्न कधी लागलं, युद्ध संपायच्या आधी की नंतर?

शिपायाच्या विधवेला पेन्शन द्यायची तर आधी लग्नाची तारीख विचारायची, ही रीत आली कुठून?

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध 1775 ते 1783 चाललं. पेन्शनचा पहिला ठराव ऑगस्ट 1776 चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दोन महिनेही झाले नव्हते. लढाईत हात-पाय गमावलेल्यांना किंवा कमाईला मुकलेल्यांना निम्मा पगार, एवढंच त्यात होतं. चार वर्षांनी, ऑगस्ट 1780 मध्ये, मेलेल्या अधिकाऱ्यांच्या विधवांना आणि अनाथ मुलांना सात वर्षं निम्मा पगार देण्याचं ठरलं. अधिकाऱ्यांच्या. साध्या शिपायाच्या बायकोचा त्यात उल्लेखही नाही. आणि ठराव काँग्रेसचा, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेचा असला तरी सभेच्या स्वतःच्या तिजोरीत खडखडाट होता, त्यामुळे असल्या देण्यांसाठी राज्यांच्या तोंडाकडे बघावं लागे.

मुळात 'पेन्शन' या शब्दावरच लोकांचा राग होता. राजाच्या मर्जीतल्या माणसांना बसून खायला घालायची इंग्रजी युक्ती, असा त्याला वास येई. अधिकाऱ्यांना जन्मभर निम्मा पगार देण्याचं 1780 मध्ये कबूल केलं, तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये इतकी ओरड झाली की 1783 मध्ये त्याऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार देऊन हिशेब मिटवायचं ठरलं. त्या पिढीचा आदर्श शिपाई म्हणजे नांगर सोडून बंदूक उचलणारा आणि युद्ध संपलं की मुकाट पुन्हा नांगराला जाणारा शेतकरी. मधल्या काळात तो नांगर कोण हाकत होतं, हा विचार त्या आदर्शात बसत नव्हता.

त्यातच कागदपत्रं जळाली. नोव्हेंबर 1800 मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि जुने अर्ज खाक झाले. उरलंसुरलं 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा गेलं. पुढच्या पन्नास वर्षांत अर्जदारांना जो जाच झाला त्याचं एक मूळ इथं आहे. सरकारचंच दप्तर जळालेलं, आणि पुरावा आणायचा तो म्हाताऱ्यांनी.

18 मार्च 1818 च्या कायद्याने पहिल्यांदा जायबंदी नसलेल्या शिपायालाही पेन्शन मिळाली: कॉन्टिनेन्टल आर्मीत, म्हणजे काँग्रेसच्या नियमित सैन्यात, किमान नऊ महिने सेवा, शिवाय गरिबी, शिपायाला महिना 8 डॉलर, अधिकाऱ्याला 20. अर्जांची अशी रीघ लागली की दोनच वर्षांत सरकार बिथरलं आणि प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागितली. एक गाय, दोन खुर्च्या, फुटका तवा, सगळं लिहून द्यायचं. त्या याद्या वाचताना आजही अवघडल्यासारखं होतं. 1832 मध्ये गरिबीची अट गेली, मिलिशियावाले, म्हणजे राज्यांच्या नागरी पथकांतले शिपाई, हेही आत आले आणि दोन वर्षांच्या सेवेला पूर्ण पगार मिळू लागला. पण हे सगळं हयात पुरुषांचं. नवरा गेला की बाईच्या हातात फार तर त्याची थकलेली रक्कम.

साध्या शिपायांच्या विधवांची पाळी आली 4 जुलै 1836 ला. नवऱ्याला 1832 च्या कायद्याने जेवढं मिळालं असतं तेवढं विधवेला मिळणार होतं, पण लग्न त्याची शेवटची सेवा संपण्याआधी झालेलं असलं पाहिजे. नवरा लढत असताना जिने घर ओढलं ती खरी हक्कदार, असा त्यामागचा युक्तिवाद. वर वर पटणारा आहे. पण 1783 च्या आधी लग्न झालेली बाई 1836 मध्ये सत्तरीच्या पुढे असणार आणि अशा फार उरलेल्या नसणार, हा हिशेबही कुणाला अवघड नव्हता.

सारा या कायद्यात बसत होती. लग्न जानेवारी 1780 चं, न्यूयॉर्क राज्यात अल्बनीला. नवरा धंद्याने लोहार. तिला न विचारता पुन्हा सैन्यात भरती झाला आणि वर तिनेही बरोबर चलावं असा हट्ट धरला. ती गेली. कधी घोड्यावर, कधी गाडीत. सोबत दोन सहकाऱ्यांच्या बायका आणि लेट्टा नावाची एक कृष्णवर्णीय बाई. त्यांच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन ग्रेग, त्याच्या डोक्याची कातडी पूर्वी एका हल्ल्यात सोलली गेली होती. डोकं फिरलं की तो तिला म्हणे, सारा, माझं डोकं सोललं ती जागा तू पाहिलीस का? आणि डोकं दाखवी. न्यूयॉर्कजवळ किंग्सब्रिजला नवरा तोफा चढवायला गेला, तेव्हा त्याचा ओव्हरकोट घालून, त्याची बंदूक घेऊन ती पहाऱ्यावर उभी राहिली. सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन तिथून गेले आणि त्यांनी विचारलं, तुला इथं कुणी उभं केलं? ती म्हणाली, ज्यांना हक्क आहे त्यांनी, साहेब.

यॉर्कटाउनला ती खंदकातल्या माणसांना मांस, पाव आणि कॉफी नेऊन देई. तोफगोळ्यांची भीती नाही वाटत, असं पुन्हा वॉशिंग्टननीच विचारलं. तिचं उत्तर असं की ज्याच्या नशिबी फास आहे त्याला गोळी लागत नाही. आणि माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं, हे कसं चालेल? एका सकाळी इंग्रजांचे ढोल वाजत राहिले, आपले अधिकारी टोप्या हवेत फिरवून ओरडू लागले. काय झालं ते तिला कळेना. त्यावर एकाने विचारलं, एवढीही शिपाईगिरी कळत नाही? इंग्रज शरण आले!

युद्धानंतर तिला मुलगा झाला, आणि तीन महिन्यांतच आरन ऑस्बोर्न घर सोडून गेला. तिने शोध घेतला तर त्याने पॉली स्लोट नावाच्या बाईशी दुसरं लग्न लावलेलं. पुढे साराने जॉन बेंजामिनशी घर केलं, तोही वारला. म्हणजे 1837 मध्ये तिला मिळणारी पेन्शन ज्या नवऱ्यामुळे होती, त्याने तिला पन्नासेक वर्षांपूर्वीच टाकलं होतं. तिचा स्वतःचा पहारा, तिने रांधलेलं, धुतलेलं, शिवलेलं, यातलं काहीही कायद्याच्या तराजूत चढत नव्हतं. चढत होता जानेवारी 1780. अर्ज मंजूर झाला.

बाकीच्यांना ही तारीख सिद्ध करणं सोपं नव्हतं. लग्नाची नोंद चर्चमध्ये असली तर असली. मग घरच्या बायबलची पाळी येई: मधल्या कोऱ्या पानांवर लग्न, जन्म, मृत्यू लिहायची पद्धत होती. बायका ती पानं फाडून अर्जाला जोडत आणि ती परत येत नसत. आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या युद्धाच्या पेन्शन-अर्जांच्या सुमारे ऐंशी हजार फायली आहेत. विधवेच्या फायलीवर 'डब्ल्यू', फेटाळलेल्या अर्जावर 'आर'. त्या 'आर'मध्ये जेहू ग्रांटही आहे. ऱ्होड आयलंडमधल्या इंग्रजधार्जिण्या मालकाकडून पळून तो सैन्यात गेला होता. पळालेल्या गुलामाची सेवा धरता येत नाही म्हणून त्याला नकार आला. आणि ज्या गुलाम जोडप्यांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता, त्यांच्यातल्या विधवेने तारखेचा पुरावा कुठून आणायचा?

स्वतःच्या कामाचे पैसे मिळालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात 1822 मध्ये मेरी मॅकॉलीसाठी विधेयक आलं, तिलाच पुढे लोक मॉली पिचर, म्हणजे या युद्धाच्या दंतकथेतली शूर बाई, म्हणू लागले. मसुद्यात होतं 'शिपायाची विधवा'. मंजूर होताना ते खोडून 'तिने केलेल्या सेवेबद्दल' असं झालं. 40 डॉलर रोख आणि वर्षाला 40. उलटी गंमत डेबोरा सॅम्पसनच्या घरी झाली. ती पुरुषवेषात लढली, तिला जायबंदी शिपायाची पेन्शन मिळाली, आणि 1827 मध्ये ती वारल्यावर तिच्या नवऱ्याने विधवेसारखाच हक्क मागितला. मंजुरी येईपर्यंत तोही गेला होता. 1838 मध्ये पैसे वारसांना मिळाले.

लग्नाची रेघ मात्र सरकत राहिली. 1838 मध्ये ती 1794 च्या सुरुवातीपर्यंत आली, 1848 मध्ये 1800 पर्यंत, आणि फेब्रुवारी 1853 मध्ये पुसलीच गेली. कधीही लग्न झालेलं असो, शिपायाची विधवा ती विधवा. त्याच वर्षी नोआ डेमन हा या युद्धातला म्हातारा शिपाई वारला. 1835 मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, त्याने एकवीस वर्षांच्या एस्थर सम्नरशी लग्न केलं होतं. ती जन्मली तेव्हा युद्ध संपून तीस वर्षं झाली होती. ती 11 नोव्हेंबर 1906 ला गेली. यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं ठेवली त्याला तेव्हा सव्वाशे वर्षं झाली होती, आणि या युद्धाच्या विधवांच्या यादीतलं ते शेवटचं नाव होतं.