सदाफुली अल्कलॉइडांची जनुके

सदाफुलीच्या (कुल : ॲपोसायनेसी, मूलस्थान मादागास्कर) पानांतील विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगविरोधी अल्कलॉइडे (वनस्पतींत बनणारी नायट्रोजनयुक्त संयुगे) तयार करणारी जनुके शोधून ती यीस्टमध्ये घालण्याच्या संशोधनाची ही नोंद आहे. विनब्लास्टिन १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी वेगळे केले. अमेरिकेत औषध उद्योगातही त्याच काळात स्वतंत्रपणे काम चालू होते. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किग्रॅ. वाळलेली पाने लागतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. २०१९ मध्ये अमेरिकेत विनक्रिस्टिनचा तुटवडा पडून बालरुग्णांचे उपचार अडचणीत आले. त्याचे कारण पानांची टंचाई नव्हे, तर एका उत्पादकाने घेतलेली माघार हे होते; तरी या औषधाचा पुरवठा किती नाजूक आहे, ते तेव्हा उघड झाले.

जीवाणूंमध्ये एखाद्या संयुगाची जनुके बहुधा शेजारी-शेजारी असतात. वनस्पतींमध्ये ती सहसा गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. सदाफुलीत या मार्गातील ट्रिप्टोफॅन डीकार्बॉक्सिलेज व स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज या विकरांची (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) जनुके जवळ सापडली, पण पुढची बहुतेक तशी नाहीत. त्यामुळे जी जनुके एकाच ऊतीत, एकाच वेळी चालू होतात त्यांची यादी आरएनए मापनावरून करायची, विषाणूच्या साहाय्याने त्यांतले एकेक बंद करायचे आणि पानात कोणते संयुग साठून राहते ते पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. यातील स्ट्रिक्टोसिडीन सिंथेजचे जनुक प्रथम १९८८ मध्ये सर्पगंधेतून मिळाले. त्याआधीच्या एका पायरीचे इरिडॉइड सिंथेज हे विकर मात्र २०१२ मध्ये सापडले.

सर्वांत दीर्घकाळ अडलेला भाग स्टेमाडेनिन या मधल्या संयुगापासून कॅथारँथिन व टॅबरसोनिनपर्यंतचा. टॅबरसोनिनपासून पुढे विंडोलिन होते, आणि कॅथारँथिन व विंडोलिन जोडली गेली की विनब्लास्टिन बनते. त्यातील मध्यस्थ संयुगे इतकी अस्थिर आहेत की ती हाती लागत नसत. २०१८ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनेस केंद्रातील सारा ओ'कॉनर यांच्या गटाने व कॅनडातील ब्रॉक विद्यापीठातील व्हिन्सेंट डी लुका यांच्या गटाने हा मार्ग स्वतंत्रपणे उलगडला. वलये बंद करणारी दोन विकरे एस्टर तोडणाऱ्या विकरांच्या कुळातली निघाली. केवळ रचनासाम्यावरून जनुकाचे कार्य ठरवणाऱ्याला ती सहज सुटली असती. जनुक निष्क्रिय करून पाहण्याचा पुरावा अधिक भरवशाचा ठरतो तो याच कारणाने.

शेवटच्या पायरीबाबत मतभेद आहेत. कॅथारँथिन व विंडोलिन यांचा संयोग पेरॉक्सिडेज हे विकर घडवून आणते, असे पानांतून मिळवलेल्या विकरावरून मांडले गेले. पण २०१३ मध्ये कॅथारँथिन पानाच्या पृष्ठभागावर वाहून नेणारे प्रथिन सापडले. विंडोलिन तर आतल्या पेशींत असते. मग ही दोन संयुगे भेटतात कोठे, हा प्रश्न उभा राहिला. नंतर पेशीपातळीवरील मापनांत दोन्ही इडिओब्लास्ट नावाच्या विशेष पेशींत साठलेली आढळली, आणि या निष्कर्षाकडे आता अभ्यासकांचा कल आहे. या मार्गाच्या सुरुवातीच्या पायऱ्या शिरांलगतच्या पेशींत, मधल्या अधिचर्मात (पानाच्या बाहेरच्या थरात) व अखेरच्या इडिओब्लास्ट आणि लॅटेक्सवाहक पेशींत घडतात. म्हणून मार्ग पूर्ण करायचा तर विकरांइतकीच वाहक प्रथिनांची जनुकेही शोधावी लागतात. संपूर्ण पान वाटून केलेल्या आधीच्या मापनांत हे पेशीभेद मिसळून जात.

यीस्टमध्ये स्ट्रिक्टोसिडीन हे या मार्गातील आधीचे संयुग २०१५ मध्ये तयार झाले. २०२२ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी वनस्पतींची ३४ जनुके घालून व यीस्टची दहा जनुके काढून किंवा कमी-अधिक करून, एकूण ५६ जनुकीय बदलांनी कॅथारँथिन व विंडोलिन मिळवले. उत्पन्न अल्प होते. यीस्टची स्वतःची काही विकरे मधल्या संयुगांचे क्षपण करून (त्यांना हायड्रोजन जोडून) त्यांना मार्गाबाहेर वळवतात, हा या मार्गातला जुना अडथळा आहे. विनब्लास्टिन करण्यासाठी दोन्ही अल्कलॉइडांचा संयोग पेशीबाहेर रासायनिक रीतीने घडवला गेला.