साइक्स नावाचा ओहोळ

दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला वर आलं की माळ सुरू होतो. हिवाळ्यात सकाळी तिथे ढेकळांमधून तुरतुर चालणारा एक लहानसा पक्षी दिसतो. तांबूस अंग, डोक्यावर तुरा, छातीवर अगदी मोजक्या बारीक रेघा. गाताना तो मध्येच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो. हा साइक्सचा चंडोल. शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. भारतीय द्वीपकल्पाच्या कोरड्या पट्ट्याबाहेर तो कुठेही आढळत नाही.

ज्याच्या नावाने हा चंडोल ओळखला जातो तो विल्यम हेन्री साइक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. माणसं, शेतं, पिकं, तापमान तो मोजत फिरला आणि वाटेत भेटलेले पक्षी, मासे, प्राणीही नोंदवत गेला. त्याचा जन्म १७९० चा, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डच्या परिसरातला. मला हा जन्मगाव सांगणारा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. कारण साइक्स हे आडनावच त्या मातीतलं आहे, आणि आडनाव आणि रक्ताचं नातं यांचा मेळ विज्ञानाने पहिल्यांदा नीट तपासला तो याच आडनावावर.

उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे ओहोळ. नदी नव्हे, ओढाही नव्हे. पेनाइन डोंगरांच्या दलदलीच्या माथ्यावरून झिरपणारं, कुजलेल्या गवतामुळे चहासारखं तपकिरी झालेलं पाणी एखाद्या घळीतून खाली उतरतं. एका ढांगेत ओलांडावं इतकं अरुंद, उन्हाळ्यात कधी कधी आटणारं. दोन शेतांच्या मधली हद्द म्हणून लोक त्याच्याकडेच बोट दाखवायचे. शब्द जुन्या इंग्रजीतला, आणि जुन्या नॉर्स भाषेतही त्याचा सख्खा भाऊ होता. व्हायकिंगांची वस्ती यॉर्कशायरमध्ये दाट होती, त्यामुळे तो तिथे चांगलाच रुजला. जो ओहोळाकाठी राहायचा तो ओहोळाचा. १३७९ मध्ये यॉर्कशायरमध्ये डोईपट्टी वसूल झाली, तिच्या याद्यांत ‘डेल साइक’ अशा धर्तीची नावं आहेत. ‘डेल’ म्हणजे ‘च्या इथला’. आपल्याकडचा ‘कर’ जे काम करतो तेच काम. पुढे ‘डेल’ गळून पडलं आणि शेवटी एक ‘स’ चिकटला, जसा तो ब्रुक्स, बँक्स, वेल्स या नावांनाही चिकटला. आपल्याकडे ओहोळ हे आडनाव आहेच. यॉर्कशायरमधल्या हडर्सफिल्डचा साइक्स आणि आपला ओहोळ शेजारी उभे केले तर नावापुरते दोघे भाऊच.

इंग्लंडमध्ये आडनावं काही एका दिवसात आली नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या जमीनदारांनी आपल्या जहागिरींची नावं लावायला सुरुवात केली. जमीन मुलाकडे जायची, म्हणून नावही मुलाकडे जाऊ लागलं. मग शहरं, मग दक्षिणेतली खेडी, आणि सगळ्यात शेवटी उत्तरेचे डोंगर. तेराव्या-चौदाव्या शतकात, म्हणजे साधारण सातशे वर्षांपूर्वी, बहुतेकांची आडनावं ठरत आली होती. कुणाचं धंद्यावरून, कुणाचं बापाच्या नावावरून, कुणाचं जागेवरून, कुणाचं गावाने ठेवलेल्या टोपणनावावरून.

आडनावांची शिरगणती व्हायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म, मृत्यू आणि लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली होती. १८५३ च्या नोंदींवरून महानिबंधकांच्या कचेरीने हिशेब मांडला. २,७५,४०५ नोंदी तपासल्या, त्यात ३२,८१८ वेगवेगळी आडनावं निघाली. म्हणजे एका आडनावामागे सरासरी आठ-नऊ माणसं. पण इथे सरासरीवर विसंबून चालत नाही. दर ७३ माणसांत एक स्मिथ होता आणि दर ७६ मध्ये एक जोन्स. साऱ्या देशात मिळून स्मिथ अडीच लाखांच्या वर. दुसऱ्या टोकाला अशी असंख्य आडनावं, जी एकदोन घरांपुरतीच उरली होती. हा आकार आजही तसाच आहे: थोडी आडनावं प्रचंड मोठी, बाकीची चिमुकली. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ मोजले गेले.

स्मिथ म्हणजे लोहार. प्रत्येक गावाला लोहार लागतो, म्हणून हे नाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं जन्मलं. दोन स्मिथ भेटले तर त्यांनी एकमेकांना भाऊबंद समजायचं काहीच कारण नाही. साइक्सचं काय? ओहोळही गावोगाव होते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांचा कयास असा होता की हेही नाव अनेक ठिकाणी, अनेक घरांत सुरू झालं असणार.

ऑक्सफर्डमधले जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांच्यापुढे हा प्रश्न अगदी घरचा होऊन आला. एका बड्या औषध कंपनीत त्यांचं व्याख्यान होतं. त्या कंपनीचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स. तुम्ही दोघे नात्यातले का, असं कुणीतरी विचारलं. दोघांच्या माहितीत तसं काही नातं नव्हतं. पण तपासायचं साधन ब्रायन यांच्या हाताशी होतं.

ते साधन म्हणजे वाय गुणसूत्र. आपल्या सगळ्या डीएनएचा हा जेमतेम दोन टक्के भाग, आणि तो फक्त पुरुषांत असतो. बाकीची गुणसूत्रं दर पिढीत आईबापांच्या पत्त्यांसारखी पिसली जातात. वाय मात्र जवळपास जसंच्या तसं बापाकडून मुलाकडे जातं. इंग्रजी आडनावही त्याच वाटेने जातं. म्हणजे एक गोष्ट कागदावर आणि दुसरी पेशीत, पण दोन्हींचा प्रवास एकच.

वाय गुणसूत्रावर काही जागा अशा असतात जिथे डीएनएच्या चार अक्षरांचा एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जात्यावरच्या ओवीतल्या पालुपदासारखा. कुणाच्या ओवीत पालुपद चौदा वेळा, कुणाच्या पंधरा वेळा. बापाची जितकी आवर्तनं तितकीच मुलाची. पुष्कळ पिढ्यांतून एखाद्या वेळी कॉपी होताना एखादं आवर्तन वाढतं किंवा कमी होतं. अशा काही जागांवरची आवर्तनं मोजली की चारपाच आकड्यांची एक ओळ मिळते. तीच त्या पुरुषाच्या बापघराण्याची खूण.

ब्रायन साइक्स यांनी यॉर्कशायर, लँकशायर आणि चेशायरमधल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांना पत्रं लिहिली. गालाच्या आतून फिरवायचा छोटा ब्रश पोस्टाने पाठवला. ज्यांचे नमुने शेवटी तपासले गेले ते ४८ जण. चार जागांवरची आवर्तनं मोजली, आणि जवळजवळ निम्म्यांची ओळ एकच निघाली. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत ती ओळ दिसली नाही, देशभरातून घेतलेल्या नमुन्यांतही नाही. ब्रायन आणि सर रिचर्ड यांचीही जुळली. २००० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आजचे साइक्स एकाच मूळ पुरुषाचे वंशज असावेत, कागदपत्रं काहीही सुचवोत.

मग उरलेले निम्मे कुठून आले? अशा संशोधनाची बातमी झाली की लोकांची नजर लगेच बायकांच्या चारित्र्याकडे वळते. मला हे फार खटकतं. आडनाव आणि वाय यांची ताटातूट व्हायला कितीतरी साधी कारणं आहेत. मूल दत्तक घेतलं जातं. विधवेने दुसरं लग्न केलं की आधीच्या घरची मुलं नव्या बापाचं नाव लावतात. लग्नाशिवाय झालेल्या मुलाला आईचं आडनाव मिळतं. सासऱ्याची जमीन मिळावी म्हणून जावई सासरचं नाव घेतो. यातलं एखादं दर पिढीत शंभरातल्या फक्त तीन घरांत घडलं असं धरा. पंचवीस पिढ्यांनी मूळ वाय शंभरातल्या ४७ घरांतच शिल्लक राहतं. शंभरात एकाच घरात घडलं तरी बावीस घरं गळतात. लहानसा आकडा सातशे वर्षं स्वतःला गुणत राहतो, एवढंच.

लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी पुढे हाच अभ्यास कितीतरी मोठा केला. २००९ मध्ये त्यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे निष्कर्ष मांडले. आडनाव जितकं दुर्मीळ तितकी माणसं एकमेकांच्या जास्त नात्यातली, हे त्यातून स्वच्छ दिसलं. ॲटनबरोसारख्या विरळ नावात सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय सारखं किंवा जवळजवळ सारखं. स्मिथांमध्ये मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांत जितकं साम्य असेल तितकंच.

पण त्याच निबंधात एक वाक्य असं आहे की ज्यामुळे साइक्सचा निष्कर्ष मला परत वाचावा लागला. त्यांचं म्हणणं असं की आजच्या या चित्रावरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांबद्दल खात्रीने फारसं काही सांगता येत नाही.

यामागचं गणित जुनं आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन याने नामांकित घराण्यांची आडनावं का नष्ट होतात हा प्रश्न छापून विचारला, आणि हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने तो सोडवायला घेतला. वॉटसनच्या उत्तरात चूक होती, पण त्याची मांडणी आजही वापरली जाते. तीच मी इथे वापरून पाहिली. समजा १३७९ मध्ये शंभर माणसांना शंभर वेगवेगळी आडनावं मिळाली. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला एकही नाही. नुसत्या योगायोगाने पहिल्याच पिढीत ३७ नावं संपतात. त्या घरांत मुली असतील, पण आडनाव थांबतं. दहाव्या पिढीपर्यंत १६ नावं उरतात. पंचविसाव्या पिढीत फक्त सात. पण माणसं अजूनही साधारण शंभरच आहेत! म्हणजे उरलेली सात घराणी वाढून त्या त्र्याण्णव जणांची जागा भरून बसली. लोकसंख्या वाढत असेल तर नावं थोडी जास्त टिकतात, साथ आली तर झपाट्याने जातात. इंग्लंडमध्ये १३४८-४९ च्या प्लेगने लोकसंख्येचा निदान एक तृतीयांश भाग नेला, आणि तोही आडनावं नुकती घट्ट होत असतानाच.

आता हेच शंभर जण वेगवेगळ्या आडनावांचे न धरता, एकाच डोंगराळ भागातल्या निरनिराळ्या ओहोळांकाठचे दहा-बारा साइक्स धरा. कुणी प्लेगने गेला, कुणाला मुलीच झाल्या, कुणाचा एकुलता मुलगा लढाईत पडला. एका ओहोळाकाठच्या माणसाला चार मुलगे झाले आणि चौघेही जगले. सातशे वर्षांनी आपण नमुने घ्यायला जातो, आणि आपल्याला एकच मोठा वंश भेटतो. आज एकच पणजोबा दिसतो म्हणजे तेव्हा एकच साइक्स होता असं नाही. बाकीच्यांचे ओहोळ वाटेत आटले असतील. ब्रायन साइक्स यांचं काम वाट दाखवणारं होतं याबद्दल मला शंका नाही. तरी त्यांचा ‘एकच मूळ पुरुष’ मला पटत नाही. लेस्टरच्या गटाचं सावध बोलणं जास्त भरवशाचं वाटतं.

वंशावळीचे कागद कितीही भारी असले तरी हीच अडचण येते. तिसरा रिचर्ड राजा १४८५ मध्ये लढाईत मेला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला. ट्युरी किंग यांच्या गटाने त्याचं डीएनए तपासलं. आईच्या वाटेने उतरणारं डीएनए त्याच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळलं. बापाच्या वाटेचं वाय मात्र कागदोपत्री त्याच घराण्यातल्या पाच जणांपैकी एकाशीही जुळलं नाही. आणि त्या पाचांतही चौघे एका खुणेचे, पाचवा वेगळा. राजघराण्याच्या काटेकोर नोंदींचं असं असेल तर ओहोळाकाठच्या शेतकऱ्याचं काय सांगावं.

चंडोलाच्या कर्नल साइक्सचं वाय त्या ४८ जणांतल्या मोठ्या गटाचं होतं का, हे त्याच्या आडनावावरून सांगता येणार नाही. मुलूख मात्र तोच. विलायतेत परतल्यावरही त्याची मोजणीची आवड सुटली नाही. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत तो होता, आणि १८६३ ते १८६५ तिचा अध्यक्ष. पक्ष्यांना आणि माशांना नावं देताना त्याने इथल्या बोलीतली नावं उचलली. पुण्याच्या पूर्वेला सातेक मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या महसीर माशाचं वर्णन त्याने १८३९ मध्ये छापलं, आणि त्याला इथल्या लोकांच्या तोंडचं नाव दिलं: खुद्री. जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ त्याला आजही टॉर खुद्री म्हणतात, आणि त्या नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहिण्याची पद्धत आहे: साइक्स, १८३९.