अत्यावश्यक की केवळ गुणकारी? क्लाउस श्वार्त्स यांचे सेलेनियम आणि क्रोमियम

शेजारच्या काकांनी परवा गोळ्यांचे एक पाकीट माझ्यापुढे धरले. मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत छापलेल्या यादीत सेलेनियम आणि क्रोमियम एकाखाली एक होते. "दोन्ही शरीराला लागतातच ना? मग मधुमेहाला क्रोमियम कमी पडत असणार," असे त्यांचे म्हणणे होते. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या होत्या. एखादे मूलद्रव्य शरीराला अत्यावश्यक असणे ही एक गोष्ट, आणि ते दिल्यावर शरीरात काही चांगला बदल दिसणे ही दुसरी. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने रक्तातील साखर उतरते, पण म्हणून मधुमेहाला कोणी 'मेटफॉर्मिनची कमतरता' म्हणत नाही.

हा फरक समजून घ्यायला क्लाउस श्वार्त्स (१९१४–१९७८) यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण नाही, कारण यादीतील ही दोन्ही नावे आहारशास्त्रात मुख्यतः त्यांच्याच कामामुळे आली. श्वार्त्स हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ. हायडेलबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांच्या हाताखाली काम केल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. तेथे त्यांचा सगळा व्यवहार उंदीर आणि यीस्ट यांच्याशी होता. टोरुला जातीच्या यीस्टवर वाढवलेल्या उंदरांच्या यकृतातील पेशी मरत आणि थोड्याच दिवसांत उंदीरही मरत, पण टोरुलाऐवजी बिअरच्या भट्टीतले यीस्ट दिले की ते वाचत. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आणि ई जीवनसत्त्व यांनीही संरक्षण मिळते हे आधीच दिसले होते. म्हणून यीस्टमधल्या या अनोळखी तिसऱ्या द्रव्याला श्वार्त्स यांनी 'घटक ३' असे नाव दिले. ते वेगळे काढायला त्यांना काही वर्षे लागली. गाळत गाळत हाती आलेल्या अर्काला लसणासारखा वास येई, आणि सेलेनियमची संयुगे हाताळणाऱ्यांना तो वास परिचित असतो. १९५७ मध्ये श्वार्त्स आणि त्यांचे सहकारी फोल्ट्स यांनी घटक ३ मध्ये सेलेनियम असल्याचे जाहीर केले. सिस्टीनचा गुणही त्यात मिसळलेल्या सेलेनियमच्या अंशामुळेच असल्याचे पुढे दिसले, ही त्यातली गंमत.

तोपर्यंत सेलेनियमची ओळख विष म्हणूनच होती. दक्षिण डाकोटातील सेलेनियमयुक्त जमिनीवर चरणाऱ्या जनावरांचे केस झडत आणि खूर गळून पडत, हे १९३० च्या दशकात सिद्ध झाले होते. आपल्याकडे पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या पट्ट्यातही अशा जमिनी आहेत. ज्या पदार्थाने जनावर मरते, तोच १०० ग्रॅम खाद्यात काही मायक्रोग्रॅम एवढाच घातला की उंदराचे यकृत वाचते, ही कल्पना पचायला जडच होती.

सेलेनियमच्या बाबतीत पुढे जे घडत गेले, तेच मूलद्रव्य 'अत्यावश्यक' ठरण्याच्या कसोट्या होत. अभाव झाला की ठरावीक आजार व्हावा, तो अत्यल्प मात्रेत, म्हणजे आहारातून सहज मिळेल एवढ्या प्रमाणात, टळावा आणि शरीरात त्या मूलद्रव्याचे नेमके काम दाखवता यावे. १९५८ मध्ये कोकरांच्या स्नायुविकाराचा संबंध सेलेनियमच्या अभावाशी जोडला गेला. १९७३ मध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात (एन्झाइममध्ये) सेलेनियम असल्याचे उघड झाले, आणि पेशींना घातक पेरॉक्साइडपासून वाचवणे हे त्याचे काम आहे हे कळले. माणसांतला पुरावा चीनमधून आला. केशान रोगात मुलांचे हृदय निकामी होते, आणि तो सेलेनियम कमी असलेल्या जमिनीच्या पट्ट्यांत आढळे. सिच्वान प्रांतात १९७४ साली मुलांना दर आठवड्याला सोडियम सेलेनाइट हे सेलेनियमचे संयुग देण्यात आले, तेव्हा ते घेणाऱ्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना हा रोग झाला, तर न घेणाऱ्या ३,९८५ पैकी ५४ जणांना. त्यामागे विषाणूचाही हात आहे हे पुढे कळले, तरी सेलेनियमचे महत्त्व कमी झाले नाही. आज माणसाच्या जनुकसंचात सेलेनियमयुक्त प्रथिनांची २५ जनुके मोजलेली आहेत. प्रथिनांच्या साखळीत सेलेनियमला सेलेनोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या रूपाने स्वतःची राखीव जागा आहे, आणि यापेक्षा पक्का दाखला कोणता असणार?

क्रोमियमची कथा त्याच प्रयोगशाळेत, त्याच टोरुला यीस्टवर सुरू झाली. वॉल्टर मेर्त्स यांच्याबरोबर काम करताना श्वार्त्स यांना असे दिसले की या उंदरांच्या रक्तात टोचलेले ग्लुकोज नेहमीपेक्षा सावकाश कमी होते, आणि बिअरचे यीस्ट किंवा डुकराच्या मूत्रपिंडाची पूड दिली की वेग सुधारतो. या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'ग्लुकोज-सहनशीलता घटक' म्हटले आणि १९५९ मध्ये त्यातील कार्यकारी भाग त्रिसंयुजी क्रोमियम (अन्नात आढळणारे क्रोमियमचे रूप) असल्याचे मांडले. (चामडे कमावण्याच्या आणि मुलामा देण्याच्या उद्योगांत बदनाम झालेले षट्संयुजी क्रोमियम वेगळे आणि अतिशय घातक, इथे त्याचा संबंध नाही.)

वरून पाहता दोन्ही शोध सारखेच दिसतात. पण मात्रा पाहिली की फरक उघडा पडतो. उंदरांना दिलेले क्रोमियम शरीराच्या दर किलोमागे किमान २०० मायक्रोग्रॅम होते. ६० किलोच्या माणसाला त्याच हिशेबाने १२ मिलिग्रॅम द्यावे लागेल, तर अमेरिकेने २००१ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ठरवलेले पुरेसे सेवन दिवसाला ३५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे सुमारे ३४० पट. एवढ्या मात्रेत दिलेला पदार्थ उणीव भरून काढतो की औषधासारखा परिणाम करतो, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. शिवाय उंदरांच्या खाद्यात मुळात किती क्रोमियम होते, हे मोजलेलेच नव्हते.

मोजणे सोपेही नव्हते, आणि या कथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग हाच आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. रक्त काढायची सुई स्टीलची, सुरी स्टीलची, पिंजरा धातूचा, आणि हवेतली धूळ आहेच. त्यामुळे एकेकाळी रक्तद्रवातील क्रोमियमचे छापील आकडे आजच्यापेक्षा शेकडो पटींनी मोठे होते. नमुना हाताळण्यात खरी शिस्त आली, तेव्हा १९७८ मध्ये बेल्जियममधील मोजणीत तो आकडा लिटरला ०.१६ मायक्रोग्रॅमच्या आसपास आला. आधीच्या अनेक संशोधकांनी मुख्यतः स्वतःच्या सुयाच मोजल्या होत्या, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. श्वार्त्स यांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे त्यांनी उंदरांसाठी प्लास्टिकची, गाळलेल्या हवेची बंद दालने उभारली आणि १९७० ते १९७२ या काळात कथील, व्हॅनेडियम, फ्लोरीन व सिलिकॉन यांनी उंदरांची वाढ सुधारते असे अहवाल दिले. विषारी समजले जाणारे मूलद्रव्यही आवश्यक निघू शकते, हा सेलेनियमने दिलेला धडा त्यांनी पुढे प्रत्येक वेळी गिरवला, असे मला वाटते.

क्रोमियमच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा म्हणजे १९७७ मध्ये टोरोंटोतून प्रसिद्ध झालेली एका रुग्णाची हकिगत. वर्षानुवर्षे केवळ शिरेतून पोषण घेणाऱ्या या रुग्णाची साखर बिघडली, नसांचा त्रास सुरू झाला आणि क्रोमियम दिल्यावर दोन्ही सुधारले. हकिगत खरी, पण तिथेही दिलेली मात्रा आहारातून शरीरात शोषल्या जाणाऱ्या क्रोमियमच्या कितीतरी पट होती. पुढे अलाबामा विद्यापीठात उंदरांना धातूरहित पिंजऱ्यांत ठेवून अतिशय कमी क्रोमियमचा शुद्ध आहार दिला, तेव्हा त्यांच्यात उणिवेची लक्षणे दिसली नाहीत. क्रोमियम जास्त दिले तेव्हा मात्र इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. क्रोमियमवाचून अडणारे एकही विकर आजवर खात्रीने सापडलेले नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये क्रोमियमसाठी दैनिक गरजेचा आकडा ठरवण्यासच नकार दिला.

आवश्यक आहे म्हणून हवे तेवढे घेणे आणि गुण दिसतो म्हणून आवश्यक मानणे, या दोन चुकांची किंमत वेगवेगळी असते. सेलेनियम खरोखर लागते, भारतीय शिफारस दिवसाला ४० मायक्रोग्रॅमची आहे, पण अमेरिकी मानकांनुसार प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. 'आवश्यक' म्हणून दोन-तीन पुरवण्या एकदम घेणारा माणूस त्या मर्यादेकडे झपाट्याने सरकू शकतो. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने निरुपद्रवी, पण ते औषध म्हणून घ्यायचे तर औषधालाच लावायच्या कसोट्या त्याला लावायला हव्यात. क्रोमियम पिकोलिनेट या पुरवण्यांतल्या क्रोमियम संयुगाने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होतो असा दावा छापायची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे मागितली गेली, तेव्हा २००५ मध्ये हा संबंध 'अत्यंत अनिश्चित' आहे असे सोबत छापण्याच्या अटीवरच ती मिळाली. काकांच्या पाकिटावर मी ते वाक्य शोधले. तिथे फक्त मायक्रोग्रॅमचा आकडा होता.