बायोचार सगळ्याच जमिनींना चालतो का?

‘बायोचार टाका, कुठलीही जमीन सुधारते, खतही लागत नाही’ हा निरोप शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा. त्यातल्या राखेत कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार असतात. ते आम्लता कमी करतात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे धो-धो पावसाने जमिनीतले असे क्षार वाहून जातात आणि जमीन आम्लधर्मी होऊ शकते. तिथे बायोचारचा उपयोग होतो.

निफाड-येवल्याच्या काळ्या जमिनीचा सामू (pH, आम्लता कमी तेवढा हा आकडा जास्त) मात्र बहुधा ७.५ च्या वर असतो. बायोचारने तो आणखी वाढला तर लोह, जस्त पिकाला मिळत नाही. द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडतात. हे नुकसान मनाला फार लागतं, कारण ते टाळता येतं.

बायोचारमध्ये पिकाला मिळेल असा नत्र नगण्य, त्यामुळे खत लागतंच. शेणखतात मुरवून घातलेला बरा.

आधी माती परीक्षणाच्या अहवालात सामू बघा: ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल (अल्कधर्मी). अहवाल नसेल तर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. तिथे आम्लता घालवण्यासाठी बायोचार नको.